तिशीनंतरची घडण

इ. स. १८७५ साली कोकणातील मुरूड गावचा एक विद्यार्थी आपल्या काही सोबत्यांसह पायी साताऱ्यास निघाला. मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा तेथे व्हावयाची होती, आणि ती उत्तीर्ण झाल्याखेरीज नोकरीचे दार उघडत नसे. कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांच्या आसपासची वाट तुडवीत ही मंडळी वेळेवर पोहोचली. परीक्षामंडळापुढे उभे राहिल्यावर मात्र प्रमुखांनी या विद्यार्थ्याकडे एकवार पाहिले आणि हा मुलगा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून त्यास परीक्षेस बसू देण्याचे नाकारले. वस्तुतः त्याला सतरावे वर्ष पुरे झाले होते. अंगकाठी लहान, चेहरा कोवळा आणि स्वभाव बुजरा, एवढाच काय तो त्याचा अपराध. आला तसा तो मुलगा परत फिरला.

या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. ही हकीकत महर्षी कर्वे यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते, ती त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. परीक्षेच्या दारात अल्पवयी ठरलेल्या या मुलाचे लग्न दोनतीन वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. त्याची पत्नी राधाबाई लग्नाच्या वेळी आठ वर्षांची होती. म्हणजे ज्या समाजाने त्याला संसारास योग्य ठरविले, त्याच काळातील सरकारी मंडळाने त्याला परीक्षेस अयोग्य ठरविले; आणि त्याचे शरीर तर या दोन्ही निवाड्यांची पर्वा न करता आपल्याच गतीने वाढत होते. माणूस प्रौढ केव्हा होतो, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, हे त्या एका प्रसंगावरून ध्यानात येते. शरीराचे घड्याळ निराळे, मनाचे निराळे आणि समाजाचे त्याहूनही निराळे.

गेल्या दीडशे वर्षांत आपल्या देशात बदलले ते मुख्यतः समाजाचे घड्याळ. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले, तेव्हा केवढा गदारोळ उठला हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीस चौदा आणि मुलास अठरा असे ठरविले. १९७८ साली ते अनुक्रमे अठरा आणि एकवीस झाले. आयुष्याची लांबीही अशीच पालटली. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान अवघे तेवीस वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळीच माणसे तेविसाव्या वर्षी मरत असत, असा नव्हे. असंख्य बालके पहिली काही वर्षेही ओलांडत नसत, म्हणून ही सरासरी इतकी खाली येई. परंतु पटकी, प्लेग, क्षय आणि बाळंतपण यांच्या तडाख्यातून तरुणांचीही सुटका नव्हती. तिशी गाठलेला माणूस अर्धे आयुष्य संपवून बसल्यासारखा वाटे, आणि चाळिशीच्या गृहस्थास लोक वडीलधारा समजत. असल्या काळात विशीनंतर माणसाची वाढ होते, तो नव्याने घडतो, हा विचारच फारसा कोणाच्या मनात येत नसे. जे काही घडावयाचे ते बालपणी घडले. पुढे उरला तो संसार आणि प्रारब्ध.

आजचे शास्त्र निराळे सांगते. उंची विशीच्या आत थांबते हे खरे. पण हाडांचा कस तिशीच्या सुमारापर्यंत वाढत असतो, आणि विवेक व संयम यांच्याशी संबंध असलेला मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. पुढे चाळिशीत डोळ्यांना चष्मा लागतो, स्नायूंची ताकद हळूहळू उणावते; तथापि शब्दांचे भांडार आणि अनुभवातून येणारी समज ही त्यानंतरही वाढतच राहते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मानले. त्यांतील पूर्वप्रौढत्वाचे काम त्याने असे सांगितले की, दुसऱ्या माणसाशी जिवाचे नाते जोडावे, नाही तर एकटेपणा वाट्यास येतो. मध्यमवयाचे काम असे की, आपल्या मागून येणाऱ्यांसाठी काही उभे करावे, नाही तर आयुष्य साचलेल्या पाण्यासारखे होते. आपल्याकडील आश्रमव्यवस्थेने गृहस्थाश्रमाला इतर सर्व आश्रमांचा आधार म्हटले, त्यामागेही याच जातीची जाण असावी. मात्र धर्मग्रंथांतील तो गृहस्थ पुरुष होता. बालविधवेला कोणता आश्रम, याचे उत्तर त्या व्यवस्थेजवळ नव्हते.

कर्वे यांच्या घरातील तीन माणसांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले, तर प्रौढवयातील घडणीचा एक प्रत्यक्ष इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो.

कर्वे यांची वाढ सर्वच बाबतींत सावकाश झाली. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, बी. ए. झाले ते १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. गणित हा त्यांचा विषय. मुंबईत शाळांतून आणि खाजगी शिकवण्यांतून पोट भरावे, जमेल तेवढी शिल्लक बाजूस टाकून मुरूडच्या सार्वजनिक कामास द्यावी, असा त्यांचा क्रम होता. व्याख्यान गाजवावे, वादात पुढे व्हावे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९१ पर्यंतचे कर्वे पाहून हा मनुष्य पुढे एखादी संस्था उभारील, असे भविष्य कोणी वर्तविले नसते.

त्या वर्षी राधाबाई वारल्या. त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तेहतीस वर्षांचा, कमावता, कुलीन विधुर. समाजाच्या घड्याळाप्रमाणे पुढची गोष्ट ठरलेलीच होती. दहाबारा वर्षांची एखादी मुलगी पाहावी आणि मोडलेला संसार पुन्हा मांडावा. अशा विवाहात कोणालाही काही वावगे दिसत नसे. उलट त्याच वयाची एखादी स्त्री विधवा झाली असती, तर तिच्या आयुष्याचा हिशेब तेथेच मिटविला गेला असता. एकाच दुःखाला समाजाने लावलेली ही दोन मापे कर्वे यांना खुपत होती. लग्न करावयाचे तर विधवेशीच, नाही तर करावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. या निश्चयात आवेश नव्हता. गणितात दोन्ही बाजू समान असाव्या लागतात. तेवढाच साधा न्याय त्यांनी स्वतःच्या आयुष्यास लावला.

गोदूबाई जोशी या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी, मूळच्या देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. पुढची कित्येक वर्षे सासरच्या घरी कष्टांत गेली. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईस भावाकडे आल्या, आणि १८८९ साली पंडिता रमाबाई यांनी शारदासदन उघडले तेव्हा तेथे दाखल होणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. ज्या वयात त्या काळच्या स्त्रिया तीनचार मुलांच्या आया होऊन बसत, त्या वयात गोदूबाई पाटीपुस्तक घेऊन शिकण्यास बसल्या. आठव्या वर्षी थांबविलेले आयुष्य सोळा वर्षांनी पुन्हा सुरू झाले. बालपण वजा झाले होते, तारुण्याची पहिली वर्षे वजा झाली होती. पण शिकण्याची शक्ती वजा झाली नव्हती. 

११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. वधूचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सारे त्यांना बाया म्हणूनच ओळखू लागले. दोघेही प्रौढ, दोघांनीही मृत्यू पाहिलेला, दोघेही समजून उमजून एकत्र आलेले. आईबापांनी लहानपणी लावून दिलेल्या पहिल्या विवाहाहून हे नाते निराळे होते. ते प्रौढ माणसांनी एकमेकांस विचारून जोडले होते. त्याची किंमतही दोघांना मोजावी लागली. मुरूडला ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे यांना घरी ठेवून घेतल्यास वडील बंधूंनाही वाळीत टाकले जाईल, अशी स्थिती निर्माण झाली. ज्या गावासाठी तरुणपणी पैसा पैसा बाजूस टाकला, त्या गावात आईच्या पंक्तीस बसण्याचीही सोय राहिली नाही. सामाजिक वाढ म्हणजे ओळखींचे वर्तुळ रुंदावत जाणे, असे सामान्यतः मानले जाते. कर्वे यांच्या बाबतीत ते वर्तुळ आधी तुटले, आणि मग निराळ्या जागी नव्याने काढावे लागले.

विवाहानंतर आरंभी त्यांनी विधवाविवाहाच्या प्रचाराचे काम केले. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या स्त्रिया मूठभर. उरलेल्या सहस्रावधी विधवांना प्रथम हवे ते आपल्या पायांवर उभे राहण्याचे बळ. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन झाली. कर्वे तेव्हा अडतीस वर्षांचे होते. १९०० साली पुण्याजवळ हिंगणे येथे, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर, एका झोपडीत आश्रम गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जावे, तेथे मुलींना शिकवावे आणि पहाटे पुन्हा पुण्यास परतावे, असा क्रम कित्येक दिवस चालला. साताऱ्याची वाट तुडविणारे पाय आणि हिंगण्याची वाट तुडविणारे पाय तेच होते; फरक एवढाच की, पहिली वाट स्वतःच्या नोकरीसाठी होती.

येथवरची कथा गौरवाची आहे. पण प्रौढपणाचा इतिहास केवळ गौरवाने पुरा होत नाही. आश्रम सनातनी मंडळींनाही आपला वाटावा, त्यांनी आपल्या विधवा मुली निःशंकपणे तेथे पाठवाव्यात, म्हणून कर्वे यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवली. त्याचा परिणाम असा झाला की, पुनर्विवाहित स्त्री म्हणून खुद्द बाया यांनाच आरंभीच्या काळात आश्रमापासून दूर राहावे लागले. जी स्त्री या साऱ्या कार्याचे जिवंत कारण होती, तिलाच त्या दाराबाहेर उभे राहण्याची वेळ आली. त्यातच कर्वे यांनी आपली शिल्लक आणि विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून दिली. पदरात लहान मुले, नवरा चाळिशीच्या घरात, उद्या काही बरेवाईट झाले तर आधार कोणता, ही बाया यांची काळजी होती. त्यांच्या दृष्टीने ती कंजूषी नव्हती; वैधव्य काय असते हे त्यांनी एकदा भोगले होते. पतिपत्नींत यावरून खटके उडाले. 'माझे पुराण' या आपल्या आत्मकथनात बाया यांनी हे सारे सल आडपडदा न ठेवता सांगितले आहेत, आणि म्हणूनच ते पुस्तक मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत मोलाचे ठरले आहे.

पुढील पिढीसाठी काही उभे करणे हे मध्यमवयाचे काम म्हटले, तरी पुढची पिढी म्हणजे कोणती? स्वतःची मुले की समाजाची? या प्रश्नाचे सोपे उत्तर कर्वे यांना सापडले नाही, आणि आजही ते कोणास सापडलेले नाही. बाया यांनी मात्र रुसून बसण्याऐवजी स्वतःची वाट शोधली. कडेवरच्या मुलासह त्या नागपुरास गेल्या आणि तेथे सुइणीचे काम शिकून आल्या. संसाराला चार पैशांचा हातभार लागला, आणि पतीच्या कार्यावर अवलंबून नसलेली स्वतःची अशी एक कुवत त्यांच्या अंगी आली. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्यातही त्या मागे राहिल्या नाहीत.

तिसरी व्यक्ती म्हणजे बाया यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले. त्यांचा जन्म १८७० चा. लग्न अकराव्या वर्षी झाले; पतीच्या नोकरीमुळे काही काळ गोव्यात गेला; विसाव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरी एक मुलगा राहिला. रूढीप्रमाणे केशवपनही झाले. थोरल्या बहिणीचा पुनर्विवाह झाला तेव्हा तो त्यांना मानवला नव्हता. स्वतः त्यांनी पुनर्विवाह केलाही नाही. परंतु वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या बहिणीच्या घरी येऊन शिकू लागल्या. पुढे आश्रमातच शिक्षिका झाल्या, आश्रमाची देखरेख त्यांच्याकडे आली, आणि वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडू लागल्या. बेचाळिशीच्या सुमारास, पुष्कळ विचार करून, त्यांनी केशवपनाची रूढी स्वतःपुरती सोडून दिली. विशीत इतरांनी त्यांच्यावर लादलेली गोष्ट काढून टाकण्यास त्यांना वीस वर्षे लागली. बाहेरून पाहणाऱ्यास हा बदल फार छोटा वाटेल. पण ज्या जनमतावर आश्रमाची वर्गणी अवलंबून होती, त्या जनमताच्या डोळ्यांदेखत तो करावयाचा होता.

त्याहूनही मोठे धाडस पुढे १९१८ साली झाले. इंग्रजी येत नाही ही खंत पार्वतीबाईंच्या मनात होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या. तेथे परक्या घरांतून घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकण्याची खटपट केली, आश्रमासाठी मदत मिळविली आणि १९२० साली त्या परत आल्या. नव्या भाषेसाठी अठ्ठेचाळीस हे वय अडचणीचेच. जीभ वळत नाही, शब्द टिकत नाहीत, आणि मुलांच्या वयाच्या माणसांकडून चुका दुरुस्त करून घ्याव्या लागतात. भाषेवर त्यांना किती प्रभुत्व मिळाले, हा भाग गौण. चारचौघांत मान मिळविलेली प्रौढ स्त्री पुन्हा अजाण विद्यार्थिनी होण्यास तयार झाली, यातच तिची वाढ दिसून येते.

कर्वे यांचीही घडण चाळिशीपाशी थांबली नाही. १९०७ साली महिला विद्यालय आणि १९०८ साली निष्काम कर्म मठ यांची स्थापना झाली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जपानमधील महिला विद्यापीठाचा दाखला देऊन, मातृभाषेतून शिक्षण देणारे स्वतंत्र महिला विद्यापीठ असावे, अशी कल्पना मांडली; आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती प्रत्यक्षात आणली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने तिला स्थैर्य आले. एकेकाळचे हे बुजरे शिक्षक सत्तरी ओलांडल्यावर संस्थेसाठी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका हिंडून आले.

अर्थात त्यांच्या कार्यास मर्यादाही होत्या. आरंभीचा आश्रम उच्चवर्णीय विधवांपुरताच होता, आणि त्यांच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्त्रीचे मुख्य क्षेत्र घर हेच मानले होते. या उणिवा झाकण्याचे कारण नाही. विशेष हे की, वयाच्या श्याऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी जातिभेद आणि विषमता यांच्या विरोधात समता संघ काढला. जे चाळिशीत सुचले नाही किंवा करणे धजले नाही, ते उतारवयात करावयास घेतले. घरातील पुढची पिढी तर आणखी पुढे गेली. थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून संततिनियमन आणि कामजीवन यांसारखे विषय निर्भयपणे हाताळले. समाजाने शरीराविषयी बोलावयास लाजू नये, हा त्यांचा आग्रह होता. ज्या मुलाची आई सत्तावीस वर्षांच्या आसपास गेली, त्याने स्त्रीच्या शरीराचा आणि आयुष्याचा प्रश्न असा हाती घ्यावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले. एवढे दीर्घ आयुष्य लाभणे हा दैवयोग. परंतु त्यांच्या आयुष्याचा अर्थ त्या आकड्यात नाही. तेहतिसाव्या वर्षी आयुष्याची घडी मोडलेला पुरुष, चोविसाव्या वर्षी पाटीपुस्तक हाती घेणारी बालविधवा आणि सव्विसाव्या वर्षी शिकावयास बसलेली तिची बहीण, ही तिन्ही माणसे त्यांच्या समाजाच्या हिशेबाने 'झालेली' होती. त्यांपैकी दोघींची पाने तर समाजाने केव्हाच मिटविली होती. ती पुन्हा उघडली ती कोणाच्या चमत्काराने नव्हे. शारदासदनाचे एक दार उघडे होते, एका भावाने बहिणीस मुंबईस आणले, आणि एका घराने शिकणाऱ्या विधवेला जेवावयास ताट वाढले. माणसाच्या अंगी वाढ असते. पण वाढीला जागा लागते, आणि ती जागा इतरांनी करून द्यावी लागते.

आज भारतातील सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास पोहोचले आहे. आयुष्य लांबले, विवाहाचे वय वाढले, आणि विशी ते साठी हा केवढा तरी मोठा पट्टा माणसाच्या हाती आला. तथापि 'आता या वयात कशाला शिकावयाचे', 'आता काय राहिले आहे' ही वाक्ये घराघरांतून आजही ऐकू येतात; आणि ती पुरुषांहून स्त्रियांना, सधवांहून विधवांना अधिक वेळा ऐकावी लागतात. साताऱ्याच्या परीक्षामंडळाने चेहरा पाहून एका मुलाचे वय ठरविले होते. वय पाहून माणसाची शक्ती ठरविणे, ही त्याच प्रकारची चूक होय. तो मुलगा पुन्हा परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला. पण दुसऱ्यांदा दार ठोठावण्याची संधी ज्यांना मिळालीच नाही, अशांची गणना कोणत्याही चरित्रात सापडावयाची नाही.